बाथटब राहू द्या, आधी मार्चचा हप्ता अडवा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी 38 वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. हातात 62 हजार येतात, बायकोच्या शिकवण्यांचे 12 हजार. महिन्याला 15 हजार शिल्लक पडतात. माझी अडीच लाखांची एफडी आहे, मार्चअखेर इन्सेंटिव्हचे 70 हजार मिळतात. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण सिडकोतल्या घरात राहतो. घर बाबांचं, कर्ज नाही. खाली एक आणि वर एक बाथरूम, दोन्ही जुनी. वरच्याची ओल स्वयंपाकघराच्या भिंतीवर उतरली आहे. खाली भारतीय बैठक आहे. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून कमोडसाठी ते रात्रीही जिना चढून वर येतात. डिझायनरने दोन्ही बाथरूमचं मिळून 7 लाख 40 हजारांचं कोटेशन दिलंय, वर बाथटबसह. 13 टक्क्यांचं पर्सनल लोन 5 वर्षांसाठी घ्यावं, की बाबांचे बँकेतले 6 लाख काढावेत? बाबा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे 21 लाख मिळाले. पेन्शन 3,100 रुपये. त्या 21 लाखांतले दरवर्षी 3 लाख ते बँकेच्या 'हमी दुप्पट' योजनेत भरतात. मार्च 2024 आणि मार्च 2025 असे दोन हप्ते भरून झाले. 5 वर्षांत दुप्पट होतात असं बँकेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या. मध्येच काढले तर व्याज बुडेल का? शिवाय 2027 च्या कुंभमेळ्यात वरचा मजला भाविकांना देऊन दीड लाख सुटतील असा अंदाज आहे. योजनेच्या कागदांचे फोटो आणि डिझायनरचं कोटेशन सोबत जोडलं आहे."

फोटो जोडलेत ते फार बरं केलंत. पत्र नुसतंच आलं असतं तर मी टाइल्स आणि ईएमआयवर चार शब्द लिहून मोकळा झालो असतो.

व्याज बुडेल का, असं विचारता. त्यात व्याज नाहीच. ही एफडी नाही, आवर्ती ठेव नाही आणि बँकेची तर मुळीच नाही. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे, बँकेने फक्त ती विकली. तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा. वरच्या चौकटीत ओळीने तीन आकडे आहेत: प्रीमियम भरण्याची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 20 वर्षं, मुदतपूर्तीला 60 लाख. '5 वर्षं' हे शब्द मी चारही पानांवर शोधले. नाहीत.

म्हणजे मॅडम 'दुप्पट' म्हणाल्या ते खोटं नव्हतं. 3 लाख दहा वेळा भरायचे, 30 लाख होतात, आणि त्याचे 60 लाख मिळतात. फक्त मिळतात ते मार्च 2044 मध्ये. बाबा आज 62 चे असतील तर तेव्हा 80 चे. आणि वीस वर्षांत दुप्पट म्हणजे परतावा किती? दहा हप्ते वेगवेगळ्या वर्षी जातात हे धरून साधारण साडेचार टक्के. बाबांच्या बँकेची साधी एफडी याहून जास्त देते, आणि तिला वीस वर्षं थांबावं लागत नाही. 'हमी' या शब्दाची आपल्याकडे फार भुरळ पडते. हमी आहे, नाही कोण म्हणतं? साडेचार टक्क्यांची हमी आहे.

आता चौथा फोटो, प्रस्तावाच्या अर्जाचा. विमा कुणाचा उतरवलाय ते पाहिलंत? बाबांचा नाही, तुमचा. साठीच्या माणसाचा विमा महाग पडतो, म्हणून पैसे बापाचे आणि आयुष्य मुलाचं, अशी जोडी लावून ही पॉलिसी बसवली जाते. त्याच पानावर बाबांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'बिझनेस' लिहिलंय आणि वार्षिक उत्पन्न 9 लाख. ज्या माणसाला महिन्याला 3,100 रुपये पेन्शन मिळते त्याचं! अक्षर बाबांचं नाही, सही त्यांची आहे. सहीला निळी शाई, बाकीचा सगळा मजकूर काळ्या शाईत. हा रकाना नीट जपून ठेवा. तुमच्या हातात आज एवढंच हत्यार आहे.

हे 9 लाख का लिहिले असतील? 3,100 लिहिले असते तर 3 लाखांचा वार्षिक हप्ता कंपनीने मंजूरच केला नसता. आता बेरीज-वजाबाकी बघा. 21 लाखांतून 6 गेले, उरले 15. अजून आठ हप्ते बाकी, म्हणजे 24 लाख. पंधरातून चोवीस कसे भरायचे, याचा हिशेब ना मॅडमनी केला, ना बाबांनी, ना तुम्ही. पाच हप्ते आणखी भरले की बाबा सदुसष्टीच्या आत पूर्ण रिकामे, आणि तरीही तीन हप्ते बाकी. आणि तुम्ही मला बाथटबबद्दल विचारताय.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की ते 6 लाख काढता येणारच नाहीत, कारण ते 6 लाख राहिलेलेच नाहीत. दोन हप्ते भरून झालेत म्हणून पॉलिसीला सरेंडर मूल्य, म्हणजे मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम, आलंय एवढंच. दुसऱ्या वर्षी सोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान 30 टक्के, तिसऱ्या वर्षी 35 टक्के, चौथ्या ते सातव्या वर्षात 50 टक्के, असा हिशेब असतो. तुमच्या हाती पावणेदोन-दोन लाख पडतील. वर जीएसटीचे वीसेक हजार गेले ते वेगळेच. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या पॉलिसींना सरेंडरचे नियम थोडे सैल झाले, पण तुमची त्याआधीची आहे.

इथे हमखास एक मोह होतो. "आणखी एक-दोन हप्ते भरू, मग टक्का वाढेल, तेव्हा काढू." बघू या. मार्चमध्ये आणखी 3 लाख भरले तर 9 लाखांचे 35 टक्के म्हणजे 3 लाख 15 हजार. 3 लाख नवे टाकून हाती वाढले सव्वा-दीड लाख. चौथा हप्ताही भरलात तर 12 चे 6. बारा लाख घालून सहा मिळवण्यापेक्षा सहा घालून दोन मिळवलेले बरे. पहिल्यात सहा बुडतात, दुसऱ्यात चार.

तिसरा रस्ता पेड-अपचा. हप्ते बंद करायचे, पॉलिसी लहान होऊन तशीच चालू राहते आणि 2044 मध्ये तिची प्रमाणात छाटलेली रक्कम मिळते. तो आकडा कंपनीकडून लेखी मागवा. पण दोन लाख आज हातात घेऊन 7 टक्क्यांनी अठरा वर्षं ठेवले तर पावणेसात लाख होतात. पेड-अपचा आकडा याहून बराच मोठा आला तर विचार करा, नाहीतर नको.

आता कामाचं. तुमच्या पत्रातली एकच तारीख मला दिसते आहे, मार्चची. हप्ता बाबांच्या खात्यातून आपोआप कापला जातो का ते आजच पासबुकात बघा. कापला जात असेल तर या आठवड्यात शाखेत जाऊन ते मँडेट लेखी रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका. "हो काका, करून टाकते" म्हणतील, आणि मार्चमध्ये खात्यातून 3 लाख गेल्याचा मेसेज येईल. हप्ता चुकला म्हणून पॉलिसी बुडत नाही. सवलतीचे दिवस असतात, त्यानंतर ती पेड-अप होते.

सरेंडरचा अर्ज मात्र लगेच देऊ नका. आधी तक्रार. पॉलिसी एकदा स्वतःच्या हाताने बंद केली की "मग आता काय" असं म्हणायला कंपनी मोकळी. कागद हाती पडल्यावर ठरावीक दिवसांत पॉलिसी परत करून पैसे घेता येतात. ही मुदत आता 30 दिवसांची आहे, पण तुमची केव्हाच उलटली. त्यामुळे तक्रार चुकीच्या विक्रीची करायची. अर्ज बाबांच्या सहीने, विमा कंपनीच्या तक्रार विभागाला, प्रत बँकेच्या शाखेला. सोबत निवृत्तीचं पत्र, पेन्शनची नोंद असलेलं पासबुकाचं पान, पीएफचे पैसे जमा झाल्याची नोंद आणि तो 9 लाखांचा रकाना. मागणी एकच ठेवा: खोटी माहिती भरून विकलेली पॉलिसी रद्द करून दोन्ही हप्ते परत द्या. पॉलिसी देण्याआधी कंपनीने पडताळणीचा फोन केला असेल तर त्याचं रेकॉर्डिंगही मागा. त्यात बाबांनी बहुधा सगळ्याला "हो, हो" म्हटलेलं असेल, कारण समोर मॅडम बसलेल्या होत्या. तरीही मागा.

त्याचबरोबर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जायचं. नाशिकसाठी ते पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, नकार मिळाल्यापासून वर्षभराच्या आत जायचं. पैसे पूर्ण परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. सही बाबांची आहे हे कंपनी पहिल्याच ओळीत लिहील. पण पेन्शनरला बिझनेसवाला दाखवलेला अर्ज समोर ठेवून भांडणं आणि "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणून भांडणं यात बरंच अंतर आहे. तिथेही नाही जमलं तर सरेंडर करून दोन लाख घ्या आणि विषय संपवा.

त्याआधी एक काम तुमचं स्वतःचं. पॉलिसी गेली की तुमच्यावरचा विमाही जातो. घरात सहा माणसं, मुख्य कमाई तुमची, आणि पत्रात दुसऱ्या कुठल्या विम्याचा उल्लेख नाही. एक कोटीचा साधा मुदत विमा घ्या. मुदत संपली की काही परत न मिळणारा, तोच. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर बसेल. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. "काहीच परत मिळत नाही" म्हणून तो कुणी घेत नाही, आणि सगळं परत मिळतं म्हणून बाबांनी घेतला तो हा.

बाबांचे उरलेले 15 लाख. त्यातले 3 लाख एफडीत हाताशी ठेवा, आजारपणाला लागतात. 12 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. साठीच्या पुढच्यांना मिळते, पाच वर्षांची, सध्या 8.2 टक्के. दर तिमाहीला 24,600 रुपये खात्यात येतील, म्हणजे महिन्याला 8,200. पेन्शन धरून सव्वाअकरा हजार. औषधपाण्याला मुलाकडे हात पसरावा लागत नाही, यालाच बाबा दुप्पट म्हणतील. या पैशांना बाथरूमसाठी हात लावायचा नाही, बाबा स्वतः म्हणाले तरी.

आता बाथरूम.

तुमच्या मूळ, लांब पत्रात बाथटब तिसऱ्या ओळीत आहे आणि बाबांचं रात्री जिना चढणं मध्येच कुठेतरी अडकलंय. मला विचाराल तर तुमचं बाथरूम त्या एका वाक्यात आहे. कमोड खाली हवा. बाकी सगळं त्यानंतर.

डिझायनरचं कोटेशन मी दोनदा वाचलं. बाथटब 65 हजार, काचेचा शॉवर कक्ष 48 हजार, दिव्यांचा आरसा 18 हजार, आणि दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग "एकरकमी 8,000". घर गळतंय म्हणून तुम्ही त्यांना बोलावलंत, आणि गळतीवर आरशाच्या निम्मेसुद्धा पैसे नाहीत. टाइल्सचं माप प्रत्येक बाथरूमला 320 चौरस फूट धरलंय. तुमचं बाथरूम 5 बाय 7 चं. जमीन 35 चौरस फूट. भिंतींचा घेर 24 फूट, सात फूट उंचीपर्यंत 168, दाराचे सतरा-अठरा वजा. 185 झाले, तोडफोडीचे दहा टक्के धरून 200. छतापर्यंत लावल्या तरी 260 च्या पुढे जात नाही. 320 कुठून आले ते त्यांनाच विचारा, आणि उत्तर देताना त्यांच्या तोंडाकडे बघा.

बाथटबबद्दल दोनच वाक्यं. भरायला 200 लिटरच्या वर पाणी लागतं, तुमच्या गच्चीवरची टाकी 1,000 लिटरची असेल तर सहा माणसांच्या पाण्यातला पाचवा हिस्सा एका आंघोळीत गेला. आणि पाणी, टब आणि आत बसलेला माणूस मिळून 300 किलो, ते आधीच ओल धरलेल्या जुन्या स्लॅबवर. भिंतीला टांगलेला कमोडही नको. दिसतो छान, पण जुन्या घरातल्या चार इंची भिंतीला त्याचा भार पेलत नाही, वेगळी फ्रेम उभारावी लागते, आणि आतली टाकी बिघडली की दुरुस्तीची डोकेदुखी वेगळी.

खालच्या बाथरूमला मी असा हिशेब धरतो: तोडफोड आणि डेब्रिज 15 हजार, वॉटरप्रूफिंग 17, सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपांसह प्लंबिंग 35, टाइल्स मजुरीसह 27, जमिनीवर बसणारा चांगला कमोड 12, बेसिन, नळ, शॉवर आणि जेट 25, दार 9, गिझर-वायरिंग-एक्झॉस्ट 18, धरायचे दांडे 5, किरकोळ 10. पावणेदोन लाख. जुनं घर फोडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही, म्हणून पंधरा टक्के वर धरा. दोन लाख. नाशिकमध्ये दुकानागणिक भाव बदलतो, पण गवंडी बरा मिळाला तर यात बसतं.

देखणेपणा यात बसत नाही असं समजू नका. फिकट रंगाच्या भिंती, जमिनीला जरा गडद मॅट टाइल, ओल्या आणि कोरड्या भागात एक उथळ पट्टी, भिंतीत खोदलेला साबण-शाम्पूचा कोनाडा, एक चांगला आरसा. पाच बाय सातमध्ये याहून जास्त घातलंत की ते दुकान दिसायला लागतं. टाइल घेताना शोरूममध्ये तिच्यावर पाणी ओतून, चप्पल काढून, ओल्या पायाने उभं राहून बघा. विक्रेता हसेल, हसू द्या. आमच्या घरी मी हौसेने आरशासारख्या चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या, मीच निवडलेल्या. दोन महिन्यांत आई घसरली, मनगट मोडलं. टाइल्स चौदा हजारांच्या, मनगट ऐंशी हजारांचं. पुढची पंधरा वर्षं मी लोकांना हिशेब सांगतो आणि आई हा हिशेब मला सांगते.

गवंड्याला चार गोष्टी आधीच बजावा. ढाळ फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग), जाळीच्या दिशेने, आणि तो टाइल्स लावायच्या आधी पाणी ओतून दाखवायचा. दार बाहेर उघडणारं आणि अडीच फुटांहून अरुंद नको. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडकतं. कमोडची बैठक नेहमीपेक्षा थोडी उंच, सतरा-अठरा इंच, आणि शेजारी भिंतीत धरायचा दांडा. तो टाइलवर नुसता चिकटवलेला नको, आत विटेपर्यंत बोल्ट गेलेला हवा. आणि गिझरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. हजार-दोन हजारांचा मामला आहे, यात घासाघीस करू नका.

वरच्या बाथरूमला सजवायचं नाही, फक्त गळती काढायची. जमीन फोडून पाणी वाहून जायचा जुना ट्रॅप आणि पाइप बदलणं, नवा कोबा, वॉटरप्रूफिंग, नवी फरशी, साठ-पासष्ट हजार. टाइल्स लावण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि खाली स्वयंपाकघराच्या छताला हात लावून बघा. कंत्राटदार म्हणेल, "साहेब, गरज नाही, माझी गॅरंटी आहे." गॅरंटीचा अनुभव तुमच्या घरात एक पुरेसा आहे.

पैसे असे. आत्तापासून मार्चपर्यंतची शिल्लक 45 हजार, इन्सेंटिव्ह 70 हजार, एफडीतून 85 हजार. दोन लाख झाले, खालचं काम होईल. एफडीत दीड लाखाच्या वर राहतात, ते सहा महिन्यांत पुन्हा भरून काढा, आणि वरचं काम दिवाळीनंतर. तोवर वर आंघोळी कमी करा, ओल थोडी तरी थांबेल. लोन नको. 7 लाख 40 हजारांवर महिन्याला सतरा हजारांचा हप्ता बसतो, आणि तुमची शिल्लक पंधरा आहे. वर पाच वर्षांत पावणेतीन लाख व्याज.

आणि कुंभ. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं चाललंय तुमचं. मुख्य अमृतस्नानं तीन, ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. प्रत्येक वेळी तीन रात्री धरा, नऊ रात्री. रात्रीला तीन हजार मिळाले तरी सत्तावीस हजार. त्यात गाद्या, साफसफाई, आणि तेव्हा नाशिकभर लागणारे पोलिसांचे अडथळे. सिडकोतून रामकुंडापर्यंत पायी जायला तयार असलेला भाविक तुमच्या बाथटबसाठी जास्त पैसे देणार नाही. आले तर घ्या, पण त्या पैशांवर आज कशाचंही बुकिंग करू नका.

खालचं काम मुलांच्या परीक्षा झाल्यावर, एप्रिलच्या शेवटी सुरू करा. गवंडी पंधरा दिवस म्हणेल, बावीस जातील. तेवढे दिवस सहा माणसांना वरच्या एकाच बाथरूमवर काढायचे आहेत, तेव्हा सकाळच्या पाळ्या आधीच ठरवून ठेवा, आणि पहिली पाळी बाबांची.